आठवड्याचा गृहपाठ दर रविवारी रात्री अडतो? आधी पेन्सिल कुठे थांबते ते बघा

शनिवारी सकाळची शाळा सुटताना वहीत किंवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्याचा गृहपाठ येतो. शनिवारची दुपार झोपेत जाते, संध्याकाळ खेळण्यात, रविवार पाहुण्यांत किंवा बाजारात. रात्री साडेआठला दप्तर उघडलं की घरात आवाज चढायला लागतात. 'इथे बस', 'नीट लिही', 'कालपासून सांगतेय ना', मग रडारड, मग अर्धं पान आईच्या अक्षरात. सोमवारी वही शाळेत जाते, तिच्यावर बरोबरची खूण होते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मी दुसरीचा वर्ग घेते. पालकसभेत हा विषय निघाला नाही असं होत नाही आणि तक्रार ठरलेली: 'बाई, अभ्यासाला बसतच नाही हो.' न बसणं सगळ्यांना दिसतं. ते कशामुळे, हे मात्र गृहपाठ चालू असताना कुणी बघत नाही, कारण त्या वेळी सगळे तो संपवण्याच्या घाईत असतात. साधारण चार वेगवेगळ्या कारणांनी हे एकच दृश्य घडतं आणि चौघांचे उपाय एकमेकांना चालत नाहीत. भिंतीवर रंगीत वेळापत्रक चिकटवणं हा त्यातल्या फार तर एका कारणावरचा उपाय आहे. म्हणून तो पंधरा दिवस चालतो आणि मग वेळापत्रकाची कड सुटून लोंबायला लागते.

दहा मिनिटं काहीही न सांगता

रविवार सोडून कुठल्याही दिवशी, पोरगं खाऊन-पिऊन ताजंतवानं असताना, गृहपाठातला एकच तुकडा समोर ठेवा. शेजारी बसा. हातात भाजी निवडायला घ्या, मोबाइल नको. खोडरबर बाजूला काढून ठेवा. सांगायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, 'अरे असं काय' असा श्वासही सोडायचा नाही. फक्त पेन्सिल कुठे थांबते ते बघायचं.

पेन्सिल सुरूच झाली नाही आणि मूल तुमच्या तोंडाकडे बघत राहिलं, तर काय करायचं हेच त्याला कळलेलं नाही. सुरू झाली, पण दर शब्दाला, दर अंकाला अडखळली, तर आधीची एखादी पायरी कच्ची आहे. पहिल्या दोन-तीन ओळी छान आल्या, मग अक्षर घसरायला लागलं, हात झटकणं, पाणी, शू, पेन्सिलला टोक असं सुरू झालं, तर काम जास्त आहे किंवा हात थकलाय. आणि पेन्सिल अजिबात न थांबता सुसाट चालली, मूल खिडकीबाहेर बघत लिहितंय, तर तिथे शिकणंच चाललेलं नाही. पालक सगळ्यात खूश असतात ते या चौथ्या प्रकारावर. मला काळजी वाटते तीही त्याचीच.

पेन्सिल सुरूच होत नाही

ग्रुपवरचा निरोप असतो: 'पान ३४, स्वाध्याय पूर्ण करणे.' हा निरोप मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेला आहे. सात वर्षांच्या मुलाला त्यातलं काहीच माहीत नसतं, ते वर्गात त्या वेळी डबा भरत असतं. म्हणून आधी पुस्तक उघडून त्यालाच विचारा, 'यात काय करायचंय?' त्याला सांगता आलं, तर निम्मं काम झालं. नाही आलं, तर वर्गपाठाची वही मागे उलटून बघा. तशाच प्रकारचं एखादं उदाहरण तिथे सोडवलेलं असेल तर ते आधी वाचायला लावा. तसं एकही सापडलं नाही, तर गृहपाठ वर्गाच्या पुढे पळालाय असं समजा आणि तो भाग सोडून द्या. 'आम्हाला हे शिकवलंच नाही' हे वाक्य पोरं पळवाट म्हणून वापरतात हे खरं, पण काही वेळा ते अगदी शब्दशः खरं असतं.

अशा वेळी रविवारी रात्री आपल्या रीतीने शिकवायला बसू नका, ही माझी कळकळीची विनंती. का, ते एका वजाबाकीत दिसतं. ४२ वजा १७. शाळेत आम्ही काड्या आणि गठ्ठे घेऊन करतो: चार दशकांतला एक गठ्ठा सोडला, त्याच्या दहा सुट्या काड्या झाल्या, आधीच्या दोन मिळून बारा. बारातून सात गेले पाच. दशक उरले तीन, त्यातून एक गेला, दोन. उत्तर २५. आजोबांची रीत निराळी असते. ते वरच्या दोनाचे बारा करतात, पण वरच्या चाराला हात लावत नाहीत. खाली एकाला 'हातचा एक' देऊन दोन करतात. चारातून दोन गेले दोन. उत्तर तेच, २५. दोन्ही रीती बिनचूक आहेत.

पण मुलाच्या डोक्यात दोन्ही एकदम शिरल्या की ते वरच्या चाराचे तीनही करतं आणि खालच्या एकाचे दोनही. उत्तर येतं १५. वहीत १५ दिसलं की मला कळतं, घरी आजोबांची शिकवणी झालेली आहे. उत्तर ३५ आलं तर गोष्ट वेगळी. तिथे एक तर मुलाने सरळ मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, सातातून दोन पाच, चारातून एक तीन. नाहीतर गठ्ठा सोडला, पण वर चारच धरून ठेवले. या दोघांतलं नेमकं काय झालं हे उत्तरावरून कळत नाही. मुलाला 'मला सांगत सांगत कर' म्हटलं की लगेच कळतं. चुकीच्या उत्तरावर नुसती फुली मारून घरीच ते २५ करून पाठवलं, तर सोमवारी मला काहीच दिसत नाही. म्हणून चूक तशीच येऊ द्या.

दर अंकाला, दर शब्दाला अडखळणं

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात आणि सगळ्यात जास्त ओरडा इथेच खातात. पुढची पायरी समोर ठेवलेली असते, मागची झालेली नसते.

संख्यांचं बघा. 'त्रेसष्ट लिही' म्हटलं की दुसरीतलं मूल ३६ लिहितं. पालकांना वाटतं, लक्ष नाही. लक्ष पुरेपूर असतं, उलट ते ऐकलं तसंच लिहितंय. आपल्याकडे बोलताना आधी तीन येतो, मग साठ. लिहिताना आधी सहा, मग तीन. त्यात एकोणपन्नास म्हटलं की कानाला 'पन्नास' ऐकू येतं आणि नऊचा काहीतरी संबंध आहे एवढं आठवतं, मग ५९ लिहून मोकळं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'एकोण' शिकावं तर नव्व्याण्णव मध्येच येऊन नियम मोडतो. एकवीस ते नव्व्याण्णव हे शब्द सुटे सुटे पाठच करावे लागतात, ही काही लहान गोष्ट नाही.

सेमी इंग्लिशच्या मुलांची इथे एक सोपी चाचणी आहे. एकच संख्या दोन्ही भाषांत सांगून लिहायला लावा. 'सिक्स्टी थ्री' म्हटल्यावर ६३ आणि 'त्रेसष्ट' म्हटल्यावर ३६ येत असेल, तर गणित पक्कं आहे, फक्त मराठी नावं बसायची आहेत. दोन्हीकडे गडबड असेल तर दशक-एकक हाच भाग कच्चा आहे आणि काड्या-गठ्ठ्यांकडे परत जायला हवं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात याच अडचणीवर उपाय म्हणून संख्या 'वीस तीन', 'साठ तीन' अशाही वाचायची रीत दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. केवढा गदारोळ झाला तेव्हा! प्रश्न विधानसभेपर्यंत गेला, घराघरांत 'आता तेवीस म्हणायचं नाही का' म्हणून विनोद झाले. दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधीच बोलतात आणि इंग्रजीतही वीसच्या पुढे तसंच, हा त्यांचा मुद्दा मात्र कुणी शांतपणे ऐकला नाही. मला विचाराल तर ही रीत कुबडीसारखी वापरावी. काही आठवडे मुलाने 'सहा दशक, तीन एकक, त्रेसष्ट' असं एका दमात म्हणायचं आणि मग लिहायचं. शब्द बसला की पहिला भाग आपोआप गळतो. घरी याला वहीसुद्धा लागत नाही. दहाच्या सहा नोटा आणि रुपयाची तीन नाणी पुढ्यात टाका आणि किती झाले विचारा. किराणा दुकानात, भाजीवाल्याकडे हे रोज करता येतं. एकोणपन्नाससाठी शंभरपर्यंतचा तक्ता भिंतीवर लावा आणि पन्नासवर बोट ठेवून एक घर मागे या.

आता वाचन. दुसरीच्या गृहपाठात 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' असतंच. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत मुलांचं वाचन तपासायला अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. घरीही हेच करून बघता येतं. पुस्तकातली पाच-सहा अक्षरं दाखवा, मग पाच-सहा साधे शब्द, मग चार ओळी, मग गोष्ट. मूल शब्दांवर असेल, म्हणजे 'घर', 'मासा' वाचतंय पण ओळ वाचताना शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतंय, तर उताऱ्याचा गृहपाठ त्याच्यासाठी अर्ध्या तासाची शिक्षा आहे. उतारा तुम्ही वाचा, प्रश्न तोंडी विचारा, त्याने त्यातली एकच ओळ वाचायची आणि एकच उत्तर लिहायचं. यात फसवणूक काही नाही, फक्त बाईंना तसं कळवा. आणि दुसरीच्या दिवाळीत हातपाय गाळू नका. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातसुद्धा समजून वाचण्याचं आणि पायाभूत गणिताचं उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीस ठेवलं आहे.

लिहिताना एक बारीक गोष्ट नेहमी सुटते. 'भ'चा 'म' आणि 'ध'चा 'घ' होत असेल, तर मुलाला अक्षर येत नाही असं लगेच ठरवू नका. ते शिरोरेघ कधी काढतंय ते बघा. बरीच मुलं आधी ओळभर लांबलचक रेघ मारतात आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगतात. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावरची रेघ तुटक असते, ती अशा वेळी भरून जाते आणि 'भात'चं 'मात' होतं. आधी शब्द पुरा, मग रेघ, आणि 'भ'-'ध' आले की पेन्सिल उचलायची, एवढं सांगून बघा. काही मुलांची निम्मी 'अशुद्धं' इथेच संपतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे मात्र दुसरीत फार लागू नका. 'पाणि' लिहिणाऱ्या मुलाला पाणी म्हणजे काय ते कळलंय आणि ऐकू आलं तसं लिहिताही आलंय. वेलांटी तिसरी-चौथीत वाचता वाचता सरळ होते.

सुसाट चालणारी पेन्सिल

'पाठातील पहिला परिच्छेद दोनदा लिहा', 'खालील शब्द दहा वेळा लिहा', 'पाढे २ ते १० लिहा'. हे गृहपाठ विनातक्रार होतात, वही सुंदर दिसते आणि शुक्रवारी श्रुतलेखनात त्याच दहा शब्दांपैकी सहा चुकतात. पालक विचारतात, घरी तर सगळं बरोबर लिहिलं होतं?

मुलाचा हात बघा. 'माझे गाव सुंदर आहे' हे दहा वेळा लिहायचं असेल, तर ते आधी 'माझे' उभ्या ओळीत दहा वेळा लिहितं, मग 'गाव' दहा वेळा, मग 'सुंदर'. वाक्य त्याने एकदाही लिहिलेलं नसतं. नऊचा पाढा लिहिताना एकक वरून खाली ९, ८, ७, ६ उतरवायचे आणि दशक ० पासून वर चढवायचे, ही युक्ती तर पोरं एकमेकांना शिकवतात. हुशारी म्हणून मला ती आवडते. पण त्यात नऊ सक चोपन्न कुठेच येत नाही. परिच्छेद उतरवतानाही तेच: एक अक्षर बघ, एक अक्षर लिही. 'सुंदर' हा शब्द अख्खा डोक्यात कधी आलेलाच नसतो.

उपाय जुना आहे आणि फुकट आहे. बघ, झाक, लिही, ताडून बघ. शब्द नीट बघायचा, मोठ्याने म्हणायचा, वर वहीचा पुठ्ठा ठेवायचा, आठवून लिहायचा, पुठ्ठा उचलून स्वतःच तपासायचा. असे तीन शब्द म्हणजे दहा ओळींच्या गृहपाठापेक्षा जास्त काम आहे. ते सोमवारी तीन, मंगळवारी तेच तीन आणि दोन नवे, गुरुवारी सगळे, असं विखरून केलं तर शुक्रवारपर्यंत टिकतं. एकाच रात्री दहा-दहा वेळा लिहिलेलं टिकत नाही. पाढ्यांचंही लिहिण्यापेक्षा म्हणण्यावर जास्त भागतं, आणि म्हणतानाही वरून खाली न जाता मध्येच 'सात चोक?' असं विचारल्यावर. भांडी घासताना, रिक्षात, आंघोळीच्या वेळी.

'पण बाईंनी दहा वेळा सांगितलंय' म्हणून मूल हट्ट धरतं, रडतं. बाईंचा शब्द आईच्या शब्दापेक्षा वरचा असतो हे या वयात चालायचंच. वहीत दोन ओळी लिहून द्या: 'दहा वेळा लिहिण्याऐवजी झाकून तीन वेळा लिहिलं आहे.' बहुतेक शिक्षकांना ते चालतं. नाही चाललं तर एकदा भेटून बोला, मुलासमोर नको.

जास्तच आहे, की हात थकलाय?

केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये असं म्हटलंय. त्याऐवजी मुलांनी संध्याकाळ कशी घालवली, काय खेळली, काय खाल्लं हे वर्गात सांगावं. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. अमेरिकेत हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, त्यातही प्राथमिकच्या मुलांच्या बाबतीत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध फार क्षीण आढळला. तिकडे एक ढोबळ हिशेब सांगतात: इयत्ता गुणिले दहा मिनिटं. पहिलीला दहा, दुसरीला वीस.

कागदावर हे आहे आणि तरी गृहपाठ येतोच. कारण साधं आहे. गृहपाठ दिला नाही की 'शाळेत काही शिकवत नाहीत' म्हणणारे पालकही याच सभेत, पहिल्या रांगेत बसलेले असतात. दोन्ही बाजूंनी ओढाताण आहे.

त्यामुळे घड्याळ लावा. दुसरीच्या मुलाला एका बैठकीत वीस मिनिटं झाली की जिथे असेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी 'इथपर्यंत २० मिनिटं' लिहा, सही करा आणि वही बंद. उरलेलं उरू द्या. मला रेघेपर्यंतचं अर्धं पान मिळालं तर मी तीन मिनिटांत सांगू शकते की या मुलाला किती काम झेपतं. आईच्या अक्षरातल्या पूर्ण पानावरून मला फक्त आईचं अक्षर चांगलं आहे एवढंच समजतं.

थकलेला हात वेगळा ओळखू येतो. तोंडी सगळं येतं, लिहायला गेलं की रडू. पेन्सिल मुठीत धरलेली, कागदावर इतका जोर की मागच्या पानावर उठतं. अशा मुलाला पेन्सिलीचा आखूड तुकडा द्या, म्हणजे मूठ मावतच नाही आणि चिमटीत धरावीच लागते. पाटी आणि खडू परत काढा. पोळ्या करताना कणकेचा गोळा मळायला द्या, कात्रीने जुनी वर्तमानपत्रं कापू द्या. चौकटीच्या वहीत छोट्या चौकटींऐवजी मोठ्या चौकटींची वही घ्या, शाळेला सांगून.

प्रकल्पांबद्दल एकच सांगते. रविवारी रात्री नऊला चार्ट पेपरसाठी स्टेशनरीचं दुकान उघडायला लावणारे बाबा मला माहीत आहेत. त्यांनी रात्री जागून केलेली 'वाहतुकीची साधने' फार देखणी होती. मुलगा मात्र त्याविषयी एक वाक्य सांगू शकला नाही. त्याने स्वतः काढलेली वाकडी एसटी मी भिंतीवर लावली असती.

आठवडा मांडायचा कसा

ज्यांचं कारण खरोखर फक्त वेळेचं आहे त्यांच्यासाठी. शनिवारी शाळेतून आल्यावर जेवण झालं की गृहपाठ नुसता वाचायचा, करायचा नाही. काय काय आहे हे मुलानेच सांगायचं. त्यातलं सगळ्यात नावडतं त्याच संध्याकाळी, पंधरा मिनिटं. रविवार मोकळा. सोमवारी द्यायचाच असेल तर रविवारी सकाळी, अंघोळीनंतर, उरलेलं. शाळेने आठवडाभराची मुदत दिली असेल तर रोज एक तुकडा, आणि तो आधीच असलेल्या एखाद्या सवयीला बांधलेला: खाऊ झाला की, किंवा आजी टीव्हीवर मालिका लावायच्या आधी. 'पाच वाजता' असं ठरवलं की पाच वाजून जातात, खाऊ मात्र रोज होतोच.

आई-वडील दोघं कामावर असतील आणि घरी वाचता न येणारी आजी असेल, तरी काही अडत नाही. आजीला ऐकता येतं. कविता म्हणून दाखवणं, पाढे, वर्गात ऐकलेली गोष्ट आजीला सांगणं, हा दुसरीतला उत्तम गृहपाठ आहे. बीडकडची कितीतरी मुलं आई-बाप दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेले की सहा-सहा महिने आजी-आजोबांकडे राहतात. तिथे 'पालकांनी करून घ्यावे' असा गृहपाठ देण्याला अर्थच नसतो, हे आम्हा शिक्षकांनी ध्यानात ठेवायला हवं.

शिक्षक वाचत असतील तर आपसात दोन गोष्टी. गृहपाठातलं पहिलं उदाहरण वर्गात, शाळा सुटण्याआधी, सगळ्यांकडून करून घ्या. पेन्सिल सुरू न होण्याचा प्रकार त्यानेच बराचसा संपतो. आणि सोमवारी सगळ्या वह्या नीट बघायला वेळ नसेल, द्विशिक्षकी शाळेत तो नसतोच, तर कमी द्या. न तपासलेला गृहपाठ दुसऱ्या आठवड्यापासून मुलं मनावर घेत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

हे सगळं करूनही थांबतंच

फळ्यावरून उतरवताना चुका आणि पुस्तकातून उतरवताना बरोबर, असं असेल तर आधी डोळे तपासा. वाचता येतं, पण श्रुतलेखनात 'त'चा 'द', 'प'चा 'ब' होतो, असं असेल तर कान. सतत सर्दी असणाऱ्या काही मुलांना कमी ऐकू येतं आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका आणि आदल्या दिवशी बाईंना तुमची शंका सांगून ठेवा, म्हणजे पथकाला ती कळवता येते.

अक्षरं उलटी काढणं, ६ आणि ९ ची अदलाबदल, ओळ सुटणं हे पहिली-दुसरीत सर्रास दिसतं. तेवढ्यावरून अध्ययन अक्षमतेचा शिक्का कुणी मारत असेल तर ऐकू नका. तिसरीत गेल्यावर, आठ वर्षांच्या आसपास, मूल तोंडी हुशार असूनही वाचन-लेखन किंवा गणित हट्टाने मागेच राहत असेल, तर रीतसर तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलतीही मिळतात. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत ही तपासणी होते. रांग लांब असते, तेव्हा तिसरीच्या सुरुवातीलाच नाव नोंदवा. जाताना शाळेचं पत्र आणि मुलाच्या पहिलीपासूनच्या वह्या बरोबर न्या. खाडाखोडीच्या, अर्धवट सोडलेल्या. म्हणून या वर्षीच्या वह्या मे महिन्यात रद्दीत घालू नका.